बाहेरून लावलेली कडी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत, दिव्यांग मुलांना शाळेत कोंडणं, दाबून धरणं आणि बांधणं याबद्दलची. तिन्ही नागपुरातली. पहिलं पत्र लांब आहे, पण ओळख पटेल तेवढाच मजकूर त्यातून काढला आणि बाकी आईनं लिहिलं तसंच ठेवलं.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. अडीच वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. पंधरा-वीस शब्द बोलतो, बाकी आमचा हात धरून नेऊन दाखवतो. घराजवळच्या खासगी शाळेत तिसरीत आहे. पहिली-दुसरी बरी गेली. यंदा जुलैच्या शेवटापासून डायरीत शेरे यायला लागले. ‘आज वर्गात त्रास दिला.’ ‘बाकावर चढला, पळाला.’ मी दर वेळी सही करून पाठवत होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या थेरपीची वेळ बदलली म्हणून मी लवकर घ्यायला गेले. वर्गात तो नव्हता. बाई म्हणाल्या, “शांत खोलीत आहे.” म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे खेळाचं सामान आणि मोडके बाक ठेवायचे. बाहेरून कडी घातलेली होती. शिपायानं काढली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. चड्डी ओली होती. आत पंखा नाही. त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. किती वेळ झाला विचारलं, तर कुणालाच नक्की सांगता येईना.

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, “आम्ही मारत नाही, ओरडत नाही, शांत होईपर्यंत वेगळं ठेवतो एवढंच. परदेशातही अशा खोल्या असतात. बाकीच्या चाळीस मुलांचाही विचार करा.” तेव्हापासून तो बाथरूमचं दार लावू देत नाही. स्वयंपाकघराच्या दाराची कडी दिवसातून पन्नास वेळा लावतो, काढतो आणि “कडी, कडी” म्हणतो. हा शब्द आम्ही त्याला शिकवला नव्हता.

हे म्हणतात, गप्प राहा, टीसी हातात देतील. सासूबाई म्हणतात, लेकरू शाळेत जाते तेच खूप झालं. मला रात्री झोप लागत नाही. शाळा करते ते बरोबर आहे का? मी काय करू? डायरीच्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, ते बरोबर नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात किंतू राहणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला खोलीत ठेवून बाहेरून कडी घालणं याला कोंडणं म्हणतात. दारावर कुठलीही पाटी लावली तरी कडी कोणत्या बाजूला आहे त्यावरून ती खोली कसली ते ठरतं.

विशेष शिक्षिका म्हणून शांत जागा मीही माझ्या वर्गात ठेवत आले. कपाटाच्या आडोशाला एक सतरंजी, एक उशी, वाळूची बाटली. मूल आपण होऊन तिथे जायचं, मनात आलं की उठून यायचं आणि सगळा वेळ माझ्या नजरेसमोर असायचं. तिथे दार नव्हतंच. बाईंना विचारा, तुमच्या मुलाला त्या खोलीतून स्वतःहून बाहेर येता येत होतं का? आत त्याच्याजवळ कोणी मोठं माणूस होतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती शांत जागा नव्हे.

आता परदेशाबद्दल. प्रिन्सिपल मॅडम म्हणतात ते अर्धं खरं आहे. अमेरिकेत अशा खोल्या आहेत. पण तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं 2009 मध्ये शाळांत मुलांना दाबून धरल्याच्या आणि कोंडल्याच्या शेकडो आरोपांचा अहवाल दिला आणि त्यात मुलांचे मृत्यूही होते, हे त्यांनी सांगितलं नाही. तिथल्या शिक्षण खात्याच्याच आकडेवारीप्रमाणे 2017-18 या एका शालेय वर्षात एक लाखाहून अधिक मुलांवर ही वेळ आली. शाळांतल्या शंभर मुलांत दिव्यांग मुलं साधारण तेरा होती, आणि ज्यांना दाबून धरलं अशा शंभर मुलांत ऐंशी. इलिनॉय राज्यात पत्रकारांनी 2019 मध्ये शाळांच्याच नोंदवह्या मिळवून वाचल्या. दाराबाहेर बसलेल्या कर्मचाऱ्यांनी, आतलं मूल काय करतंय, काय म्हणून रडतंय, ते वेळ टाकून लिहून ठेवलं होतं. ते छापून आल्यावर राज्यानं मुलांना असं एकटं कोंडणं तातडीनं बंद करायला लावलं. सबंध देशासाठी कायदा करायचं विधेयक तिथे 2009 पासून पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आहे, त्याचा कायदा झालेला नाही. परदेशाचा दाखला द्यायचा तर एवढा सगळा द्यायला हवा.

तिथे निदान वही होती. तुमच्या पत्रातलं ‘किती वेळ झाला, कुणालाच नक्की सांगता येईना’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. मुलाला सांगता येत नाही, शाळा लिहून ठेवत नाही. मग त्या खोलीत काय झालं ते जगात कुणालाच माहीत नाही.

आपल्या नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चारपैकी एक. तिथल्या रुग्णालाही असं ठेवता येत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, कलम 97, रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला साफ मनाई करतो. शरीर जखडायचं ते फक्त तत्काळ इजा टाळायला दुसरा कुठलाच उपाय नसेल तेव्हा, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरता वेळ आणि नोंद करून. शिक्षा म्हणून नाही. आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच, हे त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. ‘बाकीच्या चाळीस मुलांचा विचार करा’ हे माणसं कमी असल्याचंच कारण झालं. जे मनोरुग्णालयात चालत नाही, ते तिसरीच्या वर्गाशेजारी जिन्याखाली चालू आहे.

आगीचं मी प्रत्येक पालकसभेत सांगायची. तामिळनाडूत एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे एका आश्रमाला आग लागली. मानसिक आजार असलेल्या लोकांना तिथे साखळीनं बांधून ठेवलेलं होतं. 28 माणसं गेली. जिन्याखालची खोली, बाहेरून कडी आणि आपण आत आहोत हे ओरडून सांगू न शकणारं मूल. शाळेत शॉर्टसर्किट झालं तर त्या गडबडीत ती कडी काढायचं कुणाच्या लक्षात राहील, हा प्रश्न तुम्ही शाळेला विचाराच.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, भिऊ नका. शिक्षण हक्क अधिनियम 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. त्याच अधिनियमाचं कलम 16 सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे तुमच्या यजमानांना दाखवा. टीसी पालकांनी मागितल्याशिवाय त्यांच्या हातात देण्याची ही गोष्टच नव्हे, त्यामुळे रागाच्या भरात ‘द्या मग टीसी’ असं तोंडी किंवा लेखी कुठेही म्हणू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे दिव्यांग मुलाला क्रूर, अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणं ही शाळेची जबाबदारी आहे. कुणालाही अन्यायानं डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खाली गुन्हा आहे. हे सगळं माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत कलमं टेबलावर आपटू नका. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. कलम ऐकलं की शाळा वकिलाला फोन करते आणि मूल बाजूलाच राहतं.

आधी पत्र द्या. एका पानाचं, साध्या मराठीत. अमुक तारखेला अमुक वाजता माझा मुलगा जिन्याखालच्या खोलीत बाहेरून कडी घातलेल्या स्थितीत आढळला, कपडे ओले होते, सोबत कुणी नव्हतं. ‘अत्याचार’, ‘अमानुष’ असे शब्द नकोत. पाहिलं तेवढंच लिहा. मग मागणी : जुलैपासून किती वेळा, कोणत्या दिवशी, किती मिनिटं त्याला तिथे ठेवलं, कुणी ठेवलं, ते लेखी कळवा. त्या दिवसाचं सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा. यापुढे त्याला कुठेही बंद करणार नाही असं लिहून द्या. आणि कधी त्याला हात लावून आवरावं लागलं, तर त्याच दिवशी मला कळवा. दोन प्रती काढा आणि तुमच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. चित्रणाचं उद्यावर टाकू नका. बऱ्याच ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर तेच पत्र जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि एकेक प्रत राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई आणि दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे यांना पाठवा. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना 1987 च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. तुम्ही आणि तुमचा मुलगा दोघंही त्यात बसता.

आता डायरीच्या फोटोंकडे वळते. मला खरं बोलायचं आहे ते याच्यावर.

तुम्ही पाठवलेल्या पानांवर पाच शेरे आहेत. पाचही जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून 13 ऑगस्टपर्यंतचे. त्यातल्या चारांत बाईंनी स्वतःच लिहिलं आहे : ‘तिसऱ्या तासाला’. आणि पहिल्या शेऱ्याच्या वरच छापील सूचना चिकटवली आहे : 15 ऑगस्टच्या कवायतीसाठी पांढरे बूट आणावेत. ताई, तिसऱ्या तासाला शाळेच्या पटांगणात बँडचा सराव चालत होता का, ते विचारा. घरी कुकरच्या शिट्टीला, लग्नाच्या वरातीला तो कान झाकतो का, तेही आठवून पाहा. हा माझा अंदाज आहे, चुकेलही. पण अंदाज खरा निघाला तर काय घडलं ते बघा. ढोलाचा आवाज त्याच्या डोक्यात शिरला, तो पळाला, आणि आपण त्याला पटांगणाला लागून असलेल्या जिन्याखाली नेऊन ठेवलं. जिथे तो आवाज सगळ्यात मोठा असेल तिथेच.

एवढं बोलले त्यामुळे माझंही सांगितलं पाहिजे.

1994 साल. मी नागपुरातल्या एका शाळेत विशेष शिक्षिका म्हणून रुजू होऊन दोन वर्षं झाली होती. अकरा वर्षांचा एक मुलगा होता, बौद्धिक अक्षमता, बोलणं नाही. तो एकाएकी स्वतःच्या जबड्यावर मूठ मारून घ्यायला लागला. डाव्या बाजूला, सारखा. गाल सुजायचा. त्याला इजा होऊ नये म्हणून मी माझ्या ओढणीनं त्याचे दोन्ही मनगट खुर्चीच्या हातांना बांधले. ओढणी सुती होती. रुतू नये म्हणून घडी घालून बांधली. मला वाटलं, मी काळजी घेते आहे. जेवणाची सुट्टी सोडून रोज, तीन आठवडे.

आमच्याकडे एक मदतनीस बाई होत्या. सही करायच्या जागी अंगठा द्यायच्या. एक दिवस डबे धुता धुता त्या म्हणाल्या, “मॅडम, तो डाव्या अंगानं चावत नाही. पोळीचा घास जिभेनं उजवीकडे ढकलते.” मी त्याला जेवताना रोज बघत होते, पण मला हे दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. खालच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. दाढ काढली. आठवड्याभरात मूठ खाली आली.

ते मूल तीन आठवडे एकच गोष्ट सांगत होतं : इथे दुखतंय. त्याच्याकडे सांगायला एकच साधन होतं, हात. तेच मी बांधून टाकले. मनगटावर वळ उठायचे, आणि त्याची आई रोज संध्याकाळी त्यावर खोबरेल तेल चोळायची. तिला वाटायचं, खेळताना लागलं असेल. मी तिला खरं कधीच सांगितलं नाही. आता ती नाही.

त्यामुळे तुमच्या मुलाच्या बाईंना मी दुष्ट म्हणणार नाही. त्या एकट्या, वर्गात एकेचाळीस मुलं, आणि असं मूल कसं शिकवायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक शाळेत दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. तुमच्या शाळेत असा शिक्षक आहे का, नसेल तर कधी नेमणार, हेही पत्रात विचारा. पण बाईंची अडचण खरी आहे म्हणून कडी खपवून घ्यायची नाही. पळण्याआधीच्या दहा मिनिटांत काय घडलं ते त्यांनी आठ दिवस एका वहीत लिहावं, एवढंच मागा. वेळ, तास, जागा, आवाज, कोण जवळ होतं. आठ दिवसांत बहुतेक कारण हाती लागतं. ढोलच निघाला, तर कान झाकायचे हेडफोन, सरावाच्या वेळी मागच्या इमारतीत बसायची सोय आणि सकाळीच चित्र दाखवून ‘आज ढोल आहे’ अशी कल्पना देणं. एवढ्यानं भागतं.

घरी, ताई, बाथरूमचं दार उघडंच राहू द्या. ‘कडी’ म्हणतो तेव्हा रागावू नका, विषयही बदलू नका. ‘हो, कडी. आता उघडी आहे,’ असं म्हणा आणि कडी त्याच्या हातानं काढू द्या. तो पन्नास वेळा ती लावतो-काढतो म्हणजे काय झालं ते तुम्हाला सांगतो आहे. महिनाभरात झोप, शी-शू, जेवण यांत फरक पडला नाही तर त्याच्या डॉक्टरांना आणि थेरपिस्टना भेटा. कुणी शाळेतून ‘औषध वाढवून आणा’ म्हणालं तर ते ऐकू नका. औषध डॉक्टर ठरवतात.

शाळा बदलायची का? पत्राचं उत्तर येईपर्यंत नाही. यापुढे त्याला बंद करणार नाही असं शाळेनं लिहून दिलं आणि खोलीची कडी काढून टाकली, तर त्याच शाळेत ठेवा. त्याला तिथला जिना, बाक, नळ सगळं ओळखीचं आहे, आणि अशा मुलाला ओळखीचं सोडणं फार जड जातं. लिहून द्यायला साफ नकार दिला तर मात्र तो तिथे सुरक्षित नाही.

प्रश्न : ताई, मी बोलून राहिली अन् माही पोरगी लिहून राहिली. मी शाळेत मदतनीस आहे, पाच वर्षं झाले, कंत्राटावर. एक पोरगी आहे बारा वर्षांची, अंगानं माह्यापेक्षा भारी. तिले राग आला का मॅडम म्हणते, धर तिले. मी धरते. मागच्या महिन्यात दोघींनी तिले खाली पालथी पाडली अन् मले पाठीवर गुडघा ठेवाले लावला. ते पोरगी ऊं ऊं करत होती. घरी येऊन मले जेवण गेलं नाही. तिले काही झालं तं माह्यावर येईन का? नोकरी गेली तं घर कसं चालवू?
– एक मदतनीस, पारडी

उत्तर : बाई, तुम्हाला जेवण गेलं नाही ते योग्यच झालं. तुमच्या हाताला जे कळलं ते मॅडमना कळलेलं नाही. वरच्या उत्तरात ज्या मदतनीस बाईंचं सांगितलं त्यांच्यासारख्याच तुम्ही. मुलीनं हे तुम्हाला वाचून दाखवावं, सावकाश.

पालथं पाडून पाठीवर भार टाकायचा नाही. कधीच नाही, कोणीही सांगितलं तरी. आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुलते आणि पोट पुढे येतं. पालथं पाडलं की पोट फरशीवर दाबलं जातं, वरून गुडघा आला की छाती फुलायला जागा राहत नाही. हवा मिळेना की मूल जास्त धडपडतं. धरणाऱ्याला वाटतं, राग अजून उतरला नाही, आणि तो आणखी जोरानं दाबतो. मग एकाएकी ते शांत होतं. ते शांत होणं राग उतरल्याचं असेलच असं नाही. ‘आवाज काढते म्हणजे श्वास चालू आहे’ असंही समजू नका. ज्यांना फिट येतात, ज्यांचं हृदय कमजोर आहे, अंग भारी आहे, त्यांना धोका जास्त. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतला वरचा सांधा सैल असतो, त्यांची मान तर दाबायचीच नाही.

मग करायचं काय? मुलीला हलवण्यापेक्षा बाकीच्या मुलांना दुसऱ्या खोलीत न्या. ते सोपं असतं. कात्री, कंपास, बाटली बाजूला करा. तिच्या अगदी समोर उभं राहू नका, जरा तिरकं, दोन हात लांब, दाराची वाट मोकळी ठेवून. एकच माणूस बोलेल, हळू, दोन-तीन शब्द. “मी इथे आहे.” बाकी गप्प. तीन बायका एकदम ‘बस खाली, बस खाली’ म्हणाल्या की ती कुणाचंच ऐकू शकत नाही. थांबा. वादळ ओसरतं, वेळ लागतो. मूल रस्त्याकडे धावलं, गच्चीच्या कठड्यावर चढलं, तर धरायचंच. बाजूनं, दंडाला किंवा कमरेला, आणि धोका टळला की त्याच क्षणी सोडायचं.

तुमच्यावर येईल का, याचं खरं उत्तर देते. ‘वरच्यांनी सांगितलं म्हणून केलं’ एवढ्यानं माणूस सुटत नाही. पण सांगणाराही सुटत नाही, त्याच्यावरही येतं. म्हणून मॅडमना एकट्यात गाठा आणि नीट सांगा : “मॅडम, पालथं पाडून दाबलं तर श्वास जातो. मी बाकीच्या पोरांना बाहेर नेते, तिच्याजवळ थांबते. पण ते करणार नाही.” हे वहीत लिहू का, असंही विचारा. तो प्रश्न ऐकला की बरेच हात आवरतात. आणि तुमच्या मुलीच्या वहीत तारीख, वेळ, कोण कोण होतं, एवढं लिहून ठेवा. पुन्हा झालं तर 1098 वर फोन करा. तो मुलांसाठीचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, आणि देते असं खोटं म्हणणार नाही. पण मुलीच्या आईला ओळखत असाल तर तिला कळू द्या. मी माझ्या वेळी ते केलं नाही.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी). तिच्या खुर्चीला कमरेचा पट्टा आणि पुढे ट्रे आहे. नातेवाईक म्हणतात, ‘पोरीला बांधून ठेवता’. शाळेत मात्र दहापासून चारपर्यंत तिला त्याच खुर्चीत ठेवतात, चाकाचा ब्रेकही काढत नाहीत. यातलं चूक काय, बरोबर काय?
– एक बाबा, जरीपटका

उत्तर : पट्टा बरोबर आहे. नातेवाइकांना सांगा, त्या पट्ट्यामुळे तिचं कंबर स्थिर राहतं, म्हणून तिचे हात आणि मान मोकळी होतात. चष्मा लावण्यासारखंच आहे ते. शाळेतलं मात्र चूक आहे. सहा तास एकाच आसनात बसवल्यानं अंग आखडतं, बसायच्या जागी कातडी सोलवटते. आणि जिला चाक फिरवता येतं तिचा ब्रेक लावून ठेवणं म्हणजे पाय बांधणंच. पट्टा तिच्या कामासाठी आहे की मोठ्यांच्या सोयीसाठी, हे रोज बघायचं. जेवणाचा, चित्रांचा तास असेल तर ट्रे हवा. ती जागची हलू नये म्हणून लावला असेल तर नको. खुर्चीत किती वेळ, आधार देऊन उभं करायच्या फळीवर किती, चटईवर किती, असा कागद तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून लिहून घ्या आणि वर्गाच्या भिंतीवर लावायला द्या. बोलायचं चित्रांचं पुस्तक असेल तर ते ट्रेवरच असू द्या. आवराआवर करताना ते कपाटात ठेवलं की मुलीचं तोंड बंद झालं.

पट्टा लावताना आधी तिला खुर्चीत पार मागे सरकवा, पाठ टेकली पाहिजे. पट्टा पोटावर नको, खाली, कमरेच्या हाडांपुढून मांडीच्या सांध्यावर तिरका यायला हवा. पाय लोंबकळू देऊ नका, पायपट्टीवर पूर्ण टेकवा. पट्ट्याखाली तुमची दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. आणि तो काढायची कळ कशी दाबायची ते तिलाही शिकवा. आज तिच्या बोटांत तेवढा जोर नसेल, तरी तिचा हात कळीवर ठेवून, वरून तुमचा ठेवून, रोज एकदा.